पायडल मारून आणलेली भुतं

भुतांना मी घाबरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची हकिगत वाचून कुणीतरी माझ्या धैर्याचं कौतुक करायला यायचं आणि मला ते उगाचच मान खाली घालून स्वीकारावं लागायचं. पडद्यावर दार करकरलं की माझे डोळे आपोआप मिटतात. मिटल्या डोळ्यांनी मी आजवर पुष्कळ भयपट पाहिले आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांचं संगीत मला पाठ आहे, गोष्ट एकाचीही माहीत नाही.

आणि अशा बाईला सून मिळाली ती भयपटांचा महोत्सव भरवणारी. एरवी ती दातांची डॉक्टर आहे. दातांचा आणि भुतांचा संबंध काय, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, दोन्हीकडे माणसं खुर्चीत बसून ओरडतात आणि तरी पुढच्या वेळी परत येतात."

महोत्सव तसा छोटासा. वाचनालयाच्या वरचा हॉल, एक शनिवार-रविवार, आणि मोठ्या थिएटरांनी ज्यांना दारातूनच परत पाठवलं असे सिनेमे. आपल्याच घरात, आपल्याच काका-मामांना पांढऱ्या चादरी पांघरवून काढलेले. पण त्या सिनेमावाल्यांसाठी सबंध जगात हा एकच पडदा. कितीजण तर सामानासकट थेट स्टेशनवरून हॉलवर यायचे. म्हणून यंदा सूनबाई घरी आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. चपला न काढता बसायची आमच्या घरात माझ्यापुढे कुणाची छाती नाही.

"हॉल जाणार, आई," ती म्हणाली.

वाचनालयाच्या मंडळाने पर्यावरणाचं धोरण आणलं होतं. हॉलमध्ये कार्यक्रम करायचा तर मागे कचरा उरता कामा नये आणि वीज गेल्या वर्षीच्या निम्मीच जळली पाहिजे. हे जमलं नाही तर पुढच्या वर्षापासून त्या तारखा फर्निचरच्या प्रदर्शनाला. गेल्या वर्षी आमच्या महोत्सवानंतर हॉलमधून कागदी कप, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि रसायनाच्या रक्ताच्या बाटल्या एवढ्या निघाल्या होत्या, की हॉलच्या मॅनेजरने त्यांचे फोटो काढून ठेवले होते. ते फोटो तो येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या नातवंडांचे दाखवावेत तसे दाखवत असे.

मी सहज बोलून गेले, "त्यात काय एवढं?"

ही तीन शब्दांची चूक मी आयुष्यात पुष्कळदा केली आहे. लग्न ठरताना केली, मुलाला पोहायला शिकवायचं ठरलं तेव्हा केली. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "खरंच कराल, आई? मग हरित समितीच्या प्रमुख तुम्हीच!"

समितीत दुसरं कुणीच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आता खरं सांगायचं तर आमच्या वेळी हे सगळं होतंच. फक्त त्याला कुणी धोरण म्हणत नसे. आमच्या लहानपणी सिनेमाच्या मध्यंतरात काचेच्या बाटलीतलं सरबत मिळायचं आणि रिकामी बाटली परत दिल्याशिवाय दरवान आत सोडत नसे. माझ्या थोरल्या आत्याची बाटली एकदा गर्दीत हरवली. तिने उरलेला अर्धा सिनेमा दाराच्या फटीतून पाहिला. शेवटी नायक जगला की मेला, यावर तिचं आणि काकांचं जे भांडण लागलं ते दोघं असेपर्यंत चाललं. असो. सांगायचा मुद्दा, कपांचा प्रश्न मला मुळीच अवघड वाटला नाही. घरोघरचे कप आणायचे, धुवायचे, परत करायचे.

वरच्या मजल्यावरच्या मावशींना सगळ्या बिल्डिंगची खबर असते, म्हणून त्यांना सगळे माहितीमावशी म्हणतात. मी त्यांना हे जिन्यात बोलले आणि दुपारपर्यंत आमच्या दाराशी कपांची रांग लागली. लोकांची मनं मोठी असतात. फक्त ती मोकळी करताना लोक कपाटाचा मागचा कप्पाही मोकळा करतात. कानतुटके कप आले, लग्नात आलेले आणि कधीच न आवडलेले कप आले. एका कपावर 'निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' असं लिहिलेलं होतं. मावशी म्हणाल्या, "भुताला शोभेल हो."

मी हे सगळं घेऊन हॉलवर गेले. मॅनेजरने कपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"धुणार कुठे?"

"तुमच्या मोरीत."

"पाण्यालाही मीटर आहे, आजी."

मला 'आजी' म्हटलेलं चालतं, पण नातवंडांनी म्हटलेलं. हा माणूस माझ्याहून फार तर एका पिढीने लहान, डोक्यावर केस माझ्यापेक्षा कमी. मी अपमान गिळला आणि घरी येऊन जुने पडदे फाडले. त्यांच्या नाड्या केल्या. प्रत्येक पाहुण्याला सकाळी एक कप मिळेल, तो नाडीने गळ्यात घालायचा, दिवसभर चहा-पाणी त्यातच, आणि संध्याकाळी आपला आपण घोटभर पाण्यात विसळून परत. सूनबाईने मला मिठीच मारली. कप गळ्यात असले की वाजतात, हे मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही. ते पुढे येईल.

मग रक्ताची पाळी आली. हॉलच्या दारात दर वर्षी एक रक्ताळलेला पुतळा उभा करतात. तो नसेल तर लोकांना आपण योग्य ठिकाणी आलो की नाही तेच कळत नाही म्हणे. मी बीट किसलं, साखरेच्या पाकात शिजवलं, कणकेने दाट केलं आणि चिंध्यांच्या पुतळ्याला मन लावून माखलं. रंग असा सुरेख आला की सूनबाई म्हणाली, "आई, हे अगदी खरं दिसतंय. मी रोज पाहते." शनिवारी सकाळी जाऊन बघतो तर पुतळा हलत होता. गावच्या सगळ्या मुंग्या त्याच्यावर चढल्या होत्या. छाती वर-खाली होत असल्यासारखी दिसत होती. आलेली पोरं टाळ्या वाजवत होती आणि मॅनेजर नियमांच्या पाटीखाली उभा होता.

"हॉलच्या आवारात प्राणी आणायला मनाई आहे," तो म्हणाला.

"मुंग्या आम्ही आणल्या नाहीत. त्या आपणहून आल्या."

"आमंत्रण तुमचंच होतं."

त्या पुतळ्याला आम्ही मागच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत मुंग्यांनी तो धुतल्यासारखा स्वच्छ केला होता. कचरा शून्य. मॅनेजरला मी तो मुद्दाम दाखवला.

पण खरं रामायण विजेचं, आणि ते त्याआधीच सुरू झालं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. बिल्डिंगमधली कुठलीही वस्तू ते दुरुस्त करायला घेतात आणि मग सगळ्यांचे दिवे जातात, म्हणून त्यांचं नाव फ्यूजकाका. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "वहिनी, वीज म्हणजे काय? कुणीतरी कुठेतरी चाक फिरवतं. ते आपणच फिरवू." सायकली स्टँडवर चढवायच्या, मागच्या चाकाला डायनामो लावायचे, त्यावर बॅटऱ्या भरायच्या आणि बॅटऱ्यांवर प्रोजेक्टर. रोज सकाळी बागेत फिरायला येणारं आमचं ज्येष्ठांचं टोळकं पायडल मारायला एका पायावर तयार झालं. दोन्ही पायांवर तयार झालं असतं तर बरं, कारण दुसऱ्या पायाच्या गुडघ्याबद्दल प्रत्येकाची काही ना काही तक्रार होती.

बॅटऱ्यांना अग्निशमनवाल्यांची परवानगी लागते, असं मॅनेजर म्हणाला. मी आणि फ्यूजकाका त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "बॅटरी कोणत्या वाहनाची?"

"वाहनाची नाही," फ्यूजकाका म्हणाले, "भुतांची."

साहेबांनी आम्हाला शेजारच्या खिडकीकडे पाठवलं. त्या खिडकीने कार्यक्रमात आग आहे का विचारलं. मी म्हटलं, एका सिनेमात घर जळतं, पण शेवटी. मग तिसरी खिडकी. तिथल्या बाई फार सज्जन. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि परवानगी पुढच्या महिन्यात मिळेल असं सांगितलं. महोत्सव त्याच आठवड्यात होता.

"मग बॅटरीशिवाय!" फ्यूजकाका बाहेर येताच म्हणाले. "पायडल थेट प्रोजेक्टरला. आवाज हॉलच्या विजेवर, चित्र आपल्या पायांवर."

सायकली जिन्यातून वर नेल्या तर मॅनेजर पुन्हा पाटीखाली. सभागृहात वाहन आणायला मनाई. फ्यूजकाकांनी तिथल्या तिथे सगळ्यांची पुढची चाकं काढली. "एका चाकाचं वाहन असतं का, सांगा!" मॅनेजरने बराच विचार केला. "एका चाकाची हातगाडी," तो म्हणाला. पण तोपर्यंत सिनेमावाली मंडळी आत येऊन बसली होती आणि त्यांना उठवण्याइतका तो वाईट माणूस नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही, पण आता कबूल करते.

पहिला सिनेमा सुरू झाला. पडद्याच्या बाजूला आमची ज्येष्ठ मंडळी रांगेत पायडल मारत होती. चित्र झकास. सूनबाईने अंधारात माझा हात दाबला. पडद्यावर एक पोरगी माळ्याचा जिना चढत होती. हॉलमध्ये एवढी शांतता, की कुणी हललं की गळ्यातला कप किणकिणायचा. एक कप वाजला की शेजारचा दचकायचा आणि त्याचा वाजायचा. असं किण-किण-किण करत ते शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. पोरगीने माळ्याचं दार उघडलं. भूत समोर आलं.

आणि मिट्ट काळोख झाला.

कारण आमची मंडळी भूत बघून गारठली. पाय जागच्या जागी थांबले. पाय थांबले म्हणून चित्र गेलं, पण आवाज हॉलच्या विजेवर चालूच. त्या काळोखात ती पोरगी अशी किंचाळली, की मी डोळे मिटलेलेच होते ते आणखी मिटले. मंडळींच्या जिवात जीव आला आणि पाय फिरू लागले तेव्हा पडद्यावर सकाळ झाली होती.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असं काही पूर्वी पाहिलंच नव्हतं म्हणे. पण ज्याचा सिनेमा होता तो दाढीवाला मुलगा रडकुंडीला आला. "तीन महिने त्या भुताचा चेहरा बनवत होतो हो, काकू! कुणी पाहिलाच नाही!" त्याच्यानंतरच्या सिनेमावाल्याने मात्र माझे दोन्ही हात धरले. त्याचं भूत म्हणजे उशीला काढलेले डोळे होते. "तुम्ही माझी लाज राखलीत," तो म्हणाला. लोक त्याच्या संयमाचं कौतुक करत होते.

शनिवारभर हेच. भूत आलं की काळोख. आमच्या मंडळींना मी नाही नाही ते सांगून पाहिलं. डोळे मिटा म्हटलं, तर एकजण झोपला. सायकली उलट्या फिरवल्या, म्हणजे पडद्याकडे पाठ. तर आता त्यांना प्रेक्षकांचे चेहरे दिसायला लागले आणि ते चेहरे भुतांपेक्षा वाईट निघाले. माहितीमावशी पायडल मारता मारता ओरडल्या, "अहो, माझ्या मागे काय आहे ते कुणीतरी सांगा!"

सूनबाई हसत होती, पण मला तिचं हसणं कळतं. रविवारी शेवटच्या सिनेमाला वाचनालयाच्या अध्यक्षबाई स्वतः येणार होत्या. हॉल ठेवायचा की काढून घ्यायचा, ते त्यांच्याच हातात. आणि तो शेवटचा सिनेमा एका शाळेतल्या शिक्षिकेचा होता. दोन गाड्या बदलून आली होती ती, सोबत म्हाताऱ्या आईला घेऊन. भुताचं काम त्या आईनेच केलं होतं. पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून, ती स्वतःला मोठ्या पडद्यावर बघायला बसली होती. माझ्याच वयाची बाई.

"आई," सूनबाई माझ्या कानाशी म्हणाली, "यांचं भूत दिसलं पाहिजे. हॉल गेला तर जाऊ दे. पण हे दिसलं पाहिजे."

हॉलपायी जिने एवढी झोप घालवली ती हे बोलली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तिथेच बहुधा माझी अक्कल गेली.

सिनेमा निम्म्यावर आला आणि आमची फळी कोसळायला लागली. आधी एकाच्या पोटरीत गोळा आला. मग दुसऱ्याच्या कमरेने राजीनामा दिला. चित्र पिवळं पडलं, मग तपकिरी. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. पुढच्या रांगेतली ती आई मान लांब करून बघायला लागली. मी उठले, पदर खोचला आणि रिकाम्या सायकलीवर चढले.

"आई, तुम्हाला सायकल येते?" सूनबाई घाबरून म्हणाली.

येत नव्हती. आमच्या घरात सायकल भावांना मिळाली. मी मागच्या कॅरियरवर बसून सगळं गाव हिंडले, पण हँडल कधी हातात आलं नाही. "ही पडत तर नाही ना?" मी विचारलं. "मग येते."

पहिल्या चार फेऱ्यांत गुडघ्यांनी मला माझं वय सांगितलं. पाचवीपासून त्यांनी बोलणं सोडलं. चित्र जरा उजळलं. शेजारच्या सायकलीवर कुणीतरी धपकन बसलं, पाहते तर सूनबाई. पलीकडच्यावर तो दाढीवाला मुलगा. मग पाठीमागे किणकिण किणकिण वाढत गेली, कारण प्रेक्षक आपापले कप गळ्यात घेऊन रांगेने पुढे यायला लागले होते. एकाचे पाय दमले की दुसरा चढे. शेवटच्या सायकलीवर कोट काढून, बाह्या दुमडून मॅनेजर बसला होता. "माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला, "मी हातगाडी ओढतोय."

आणि भूत आलं. कधी नव्हे ते माझे डोळे उघडे होते. पायडल मारताना डोळे मिटता येत नाहीत, तोल जातो असं उगाचच वाटतं. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई अंधाऱ्या दारातून सरकत आली, तिची बुबुळं वर गेलेली, हात पुढे. सगळ्या सायकलींचे पाय एकदम अडखळले. चित्र लुकलुकलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली ती आई उठून उभी राहिली आणि आमच्याकडे वळून मोठ्याने ओरडली, "अहो, घाबरू नका! मीच आहे ती! चालवा, चालवा!"

सबंध हॉल हसला. हसता हसता आम्ही जे पायडल मारलं, ते पुन्हा कधी मारलं नाही. पडदा असा लख्ख झाला, की त्या बाईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसली. पडद्यावरची बाई सगळ्यांना खायला उठली होती आणि तिच्या खाली उभी असलेली बाई तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती. मुलगी तिला खाली बस म्हणत होती आणि डोळे पुसत होती. मी भूत पहिल्यांदा नीट पाहिलं ते हे. फार गोड होतं.

नंतर मॅनेजरने कचऱ्याचे डबे पाहिले, मीटर पाहिला, आणि सवयीने पाटीकडेही पाहिलं. कशातच काही सापडलं नाही. अध्यक्षबाई जिन्यात त्या आईचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. "आमच्या गाण्याच्या कार्यक्रमात वीज गेली की लोक घरी जातात," त्या सूनबाईला म्हणाल्या. "तुमचे पुढे आले." एवढंच बोलून त्या उतरल्या. सूनबाईला त्याचा अर्थ लागेना. तो मॅनेजरने लावला. कोट चढवत तो म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ताच सांगून ठेवा, डॉक्टर. फर्निचरवाल्यांना मला काहीतरी सांगावं लागेल ना." आणि माझ्याकडे वळून, "गुडघ्यांना शेक द्या, आजी." या खेपेला मला ते 'आजी' गोड लागलं.

कुणाकुणाचे आभार मानू? ज्यांचे कप त्यांना परत केले. निवृत्तीचा कप कुणाचाच निघाला नाही, तो मॅनेजरने मागून घेतला. फ्यूजकाकांच्या खांद्यावर मी चक्क थाप मारली, ते इतके लाजले की त्यांच्या हातून पाना पडला. मावशींना सांगावं लागलं नाही, त्यांनी आभार आधीच मानून घेतले होते. तो दाढीवाला माझ्या पाया पडला आणि म्हणाला की पुढच्या वर्षी तो सायकल घेऊनच येईल, भूत मिळो न मिळो.

सगळे गेल्यावर मॅनेजरने हॉलचे दिवे बंद केले, कारण मीटर आता एक कणही पुढे जाऊ द्यायचा नव्हता. खिडक्यांतून संध्याकाळचा थोडासा उजेड येत होता. आम्हाला न्यायला आलेले आमचे चिरंजीव खुर्च्यांखाली पडलेल्या नाड्या शोधत होते, त्यांना दिसेना. म्हणून मी पुन्हा सायकलीवर चढले. प्रोजेक्टरचा पांढरा उजेड रिकाम्या पडद्यावर पडला. सूनबाई शेजारच्या सायकलीवर बसली. आम्ही दोघी पायडल मारत राहिलो.

नाड्या सापडल्या. चिरंजीवांनी दारातून हाक मारली. सूनबाई उतरली, तिने माझ्या चपला माझ्या पायांशी सरळ करून ठेवल्या आणि म्हणाली, "आई, संपलं सगळं. चला आता घरी."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं आणि हँडल घट्ट धरलं. "मी आलेच."